मामंजींचं खारं पाणी आणि माझे साडेसतरा पौंड

लिंडेनबर्ग, विस्कॉन्सिन
फेब्रुवारीतला रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप अ‍ॅडेलीन वन्सं यांना,

गुडघाभर बर्फातून लोरेटाचा वाकून नमस्कार (कमरेला झेपेल तेवढंच वाकून, वाकलेलं तुम्हाला तिकडे अ‍ॅरिझोनात दिसणार नाही, पण नमस्कार पोचला असं धरा). तुमचा गुडघा कसा आहे? हॅरॉल्डराव अजून गोल्फची गाडी घेऊन किराणा आणायला जातात का? संत्र्याच्या झाडाचा फोटो मिळाला. आमच्याकडे दारापुढचं बर्फ खिडकीच्या कडेला टेकलंय आणि तुम्ही बिनबाह्यांच्या झग्यात संत्री तोडताय, हे पाहून तुमच्या बंधुराजांनी फोटो फ्रिजवर उलटा लावला. मी तो पुन्हा सुलटा केला. वडीलधाऱ्या माणसाचं तोंड भिंतीकडे असू नये.

इकडे सर्व क्षेम आहे. ते क्षेम कसं झालं, आणि कोणामुळे झालं, हे सांगायलाच हे पत्र. वर्नरने तुम्हाला फोनवर काय सांगितलं असेल ते मला ठाऊक नाही, असं आपण धरून चालू. त्याला मोठ्या बहिणीशी बोलताना रडायला येतं आणि रडताना तो तपशील गाळतो. मी चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, मला तपशील गाळता येत नाहीत.

तर मामंजींचं खारं पाणी गेलं. बसून वाचा, उभ्याने वाचू नका, गुडघा आहे. मामंजींनी ज्या वर्षी कारखाना घेतला त्या वर्षी भरलेलं, कधी न उपसलेलं, कमी झालं की वरून मीठ आणि पाणी घालून वाढवत आणलेलं ते आठशे गॅलन पिवळट पाणी, ज्यात आपल्या चीजचं एकेक चाक तीन दिवस पोहून निघायचं, ते गेलं. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्हीच माझा हात धरून कोपरापर्यंत त्या टाकीत बुडवला होतात आणि म्हणाला होतात, "आता तू एल्मर घराण्याची झालीस." (हाताला जिथे कापलं होतं तिथे अशी आग झाली की मी खरोखरच एल्मरांची झाले. पण तो विषय आज नको.)

कसं गेलं ते ऐका. काउंटीचा टँकर थंडीत कारखान्या-कारखान्यांतून वाया गेलेलं खारं पाणी नेतो आणि रस्त्यावर शिंपडतो, म्हणजे बर्फ धरत नाही. आपलं टाकाऊ पाणी मागच्या छोट्या टाकीत साठतं. तिच्या नळाची मूठ पिवळी आणि मामंजींच्या टाकीची हिरवी, असं सासूबाईंच्या काळापासून चालत आलेलं. आता गेल्या हिवाळ्यात आपला फुटबॉलचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तेव्हा तुमच्या बंधुराजांच्या अंगात आलं आणि त्यांनी कारखान्यातली यच्चयावत लोखंडी वस्तू संघाच्या हिरव्या रंगाने रंगवून काढली. दोन्ही नळांच्या मुठींसकट. संघ हरला. रंग राहिला. नोव्हेंबरात पहिलं बर्फाचं वादळ आलं तेव्हा टँकरवर ड्वाइट ग्रिंडे होता, आपल्या कोपऱ्यावरच्या ग्रिंड्यांचा मधला. त्याने आत डोकावून विचारलं, "वर्नरकाका, कुठला नळ?" आणि वर्नरकाका रेडिओवर सामना ऐकत, मान न वळवता म्हणाले, "हिरवा!"

ड्वाइटने हिरवा उघडला. बिचाऱ्याचा काय दोष? सगळेच हिरवे. दोन खेपा करून त्याने मामंजींना, म्हणजे मामंजींच्या पाण्याला, आपल्या गावापासून थेट ल्युथरन चर्चच्या चढापर्यंत शिंपडून टाकलं. त्या दिवशी काउंटीत एकच रस्ता कोरडा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर हरणं उभी. ओळीने उभी राहून रस्ता चाटत होती. एमिल फिगींची गाडी तासभर अडकून पडली. (एमिलआजोबा आता नव्वदीला टेकलेत, स्वतःचा कारखाना जावयाला दिलाय, पण जगातल्या सर्व चीजवर त्यांचं लक्ष असतं.) गाडीतून उतरून त्यांनी बोट रस्त्याला लावलं, जिभेला लावलं आणि टोपी काढली. "हे तर आपल्या योस्टचं पाणी!" म्हणाले. मामंजींना त्यांनी बोटावर ओळखलं. मला त्या क्षणी हसू आवरेना आणि वर्नर माझ्या शेजारी उभा राहून हमसून हमसून रडत होता. नवरा-बायकोत असे प्रसंग येतात.

आता नवीन पाणी करायचं. त्यात काय एवढं, मीठ आणि पाणी! पण वन्सं, आपल्या कारखान्याच्या नळाला मऊ केलेलं पाणी येतं, बॉयलरला चुना धरू नये म्हणून. मऊ पाणी म्हणजे काय, तर ज्यातलं कॅल्शियम काढून घेऊन बदल्यात सोडियम दिलंय असं पाणी. मी पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हटलं, "वर्नर, यात कॅल्शियम क्लोराइड घालावं लागेल." तर म्हणाले, "लोरेटा, ही शाळा नाही." चौतीस वर्षं या गावातल्या प्रत्येक घरातलं किमान एक पोर माझ्या हाताखालून गेलं, आणि या घरात माझं रसायनशास्त्र टेबलक्लॉथवरचे बिटाचे डाग काढण्यापुरतं. मी गप्प बसले. (माझं गप्प बसणं तुम्हाला ठाऊक आहे. भांड्यांचा आवाज येत असतो.)

पहिली चाकं बाहेर आली ती बुळबुळीत. बोट लावलं तर साल बोटाबरोबर यायची, ओल्या साबणासारखी. दुसरी खेप तशीच. तिसरी खेप तर फळीवरून घसरून जमिनीवर. गावात लगेच पसरलं, की योस्टचं पाणी गेलं आणि एल्मरांचा हातगुणही गेला. शुक्रवारी मासे खायला क्लबात गेलो तर लोक वर्नरच्या खांद्यावर हात ठेवून "कसा आहेस?" असं विचारायला लागले. एमिलआजोबांनी ब्रँडीचा पेला खाली ठेवून निकाल दिला, "खारं पाणी सुनेसारखं असतं. तीस वर्षं तरी लागतात घरात मुरायला." हे बोलताना माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजोबा, मला छत्तीस झाली." तर म्हणाले, "बघू."

गंमत इथपर्यंतच. कारण त्याच रात्री घरी येऊन वर्नर बूट न काढता स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, की जानेवारीत आपल्याला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांची वार्षिक सभा आहे, त्यात मी सांगून टाकतो. पाच घरांचं दूध आता तुम्ही मोठ्या कारखान्याला घाला, मी टाळं लावतो. बापाचं पाणी मी रस्त्यावर ओतलं, आता मी त्या टाकीसमोर उभा राहू शकत नाही. वन्सं, मी या माणसाला सामना हरल्यावर रडताना पाहिलंय, सिनेमात कुत्रा मेला म्हणून रडताना पाहिलंय, पण त्या दिवशी तो रडला नाही आणि मला भीती वाटली. पहाटे तो कारखान्यात जाताना शीळ घालतो ना, मामंजींचीच ती पोल्काची धून, नेहमी अर्ध्यावर चुकणारी? ती बंद झाली होती. मला ती शीळ छत्तीस वर्षं डोक्यात जात आलीये. ती बंद झाल्यावर मला झोप लागेना.

म्हणून मी भांडी आपटणं सोडून कामाला लागले.

पण आधी क्लोराइडचं भांडण. ड्वाइटला अपराधी वाटत होतं, तो रोज काहीतरी घेऊन यायचा. एकदा आईने केलेला बटाट्याचा भाजलेला पदार्थ, एकदा फावडं, आणि एकदा काउंटीच्या कागदी पट्ट्या. रस्त्यावर शिंपडायचं पाणी किती खारट आहे ते त्या पट्टीवर कळतं. ती क्लोराइड मोजते. पट्टी बुडवली, ती टोकापर्यंत रंगली, आणि वर्नर माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच म्हणतेस ना, कॅल्शियम क्लोराइड घाला? हे बघ, क्लोराइड उतू चाललंय! आणखी कुठे घालू?" ड्वाइटनेही मान डोलावली. हा तोच ड्वाइट, ज्याला मी याच धड्यात नापास केलं होतं. मी म्हटलं, "ड्वाइट, मिठात काय असतं?" तर म्हणाला, "बाई, मीठ असतं."

मी दोघांना पालथ्या बादल्यांवर बसवलं आणि दुधाचा हिशोब लिहायच्या फळ्यावर शिकवलं. (तुम्हीही वाचा. पुढे लागणार आहे, का ते कळेलच.) काउंटीच्या जत्रेच्या फाटकातून कुटुंब आत शिरतं ते हातात हात घालून, पण आत गेल्यावर कोण कुठे? मीठ म्हणजे एक बाप आणि एक पोर, सोडियम आणि क्लोराइड. पाण्यात पडले की हात सुटले, बाप बियरच्या तंबूत, पोर पाळण्यात. कॅल्शियम क्लोराइड म्हणजे एक बाप आणि दोन पोरं. म्हणजे अशी शंभर कुटुंबं आत सोडली तर बाप शंभर, पण पोरं दोनशे. आता पाळण्यापाशी उभं राहून पोरं मोजलीत तर तुम्हाला पोरं कळतील. पण ती मिठाच्या घरची की कॅल्शियमच्या घरची, हे पोराच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. आपल्या टाकीत लिटरमागे साधारण एकोणचाळीसशे पोरं मिठाच्याच घरची आहेत. कॅल्शियमवाल्यांनी सगळी बिऱ्हाडं आणली तरी त्यात फार तर चाळीसेक पोरांची भर. पट्टीला काय डोंबल कळणार? बाप मोजायचा असेल तर बियरच्या तंबूतच जायला हवं.

वर्नर म्हणाला, "आणि तंबूत गेल्यावर मोजणार कसा?"

वन्सं, या प्रश्नाची मी चौतीस वर्षं वाट पाहत होते. निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला घड्याळ दिलं नाही, ब्युरेट दिलं होतं. ती काचेची लांब नळी, खाली तोटी, अक्रोडाच्या फळीवर पितळी पट्ट्यांनी ठोकलेली, खाली माझं नाव. बैठकीच्या खोलीत टांगलंय, तुम्ही एकदा "हे थर्मामीटर चालत नाही वाटतं?" असं विचारलं होतंत. ते मी भिंतीवरून काढलं, स्क्रू ड्रायव्हरने फळीवरून सोडवलं, धुतलं आणि सिंकवर उभं केलं. शाळेतून औषधं मागून आणली. आणि मामंजींच्या पाण्यात मुरलेलं जे शेवटचं चाक तळघरात उरलं होतं, त्याचा तुकडा दाबून त्याच्या अंगातलं पाणी काढलं.

कारण मुद्दा असा आहे (इथे मी फळ्यावर दोन रेघा ओढल्या होत्या, तुम्ही मनात ओढा), की मामंजींच्या पाण्यात पुण्याई नव्हती. असेल तर मला मोजता आली नाही. त्यात कॅल्शियम होतं, आणि ते मामंजींनी घातलं नव्हतं, चीजनेच घातलं होतं. चीजच्या आतल्या पाण्यात कॅल्शियम जास्त आणि बाहेर कमी असलं, की ते बाहेर येतं आणि साल बुळबुळीत होते. पहिल्या वर्षी मामंजींचीही चाकं नासलीच असणार, ते कोणाला बोलले नसतील एवढंच. वर्षानुवर्षं चाकं आपलं थोडं थोडं पाण्याला देत गेली, आत-बाहेर सारखं झालं, मग देणं थांबलं. मग त्याला लोक म्हणायला लागले हातगुण. हे मी वर्नरला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "म्हणजे पपांचीही नासली असतील?" आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

ब्युरेटमधून थेंब थेंब औषध सोडत गेले; रंग बदलायला किती लागलं, त्यावरून कॅल्शियम कळतं. लालाचा निळा झाला. जुन्या चाकाच्या आतलं पाणी, लिटरला वीस मिलिमोल कॅल्शियम, म्हणजे जत्रेच्या हिशोबात वीस बाप. मग नवीन टाकीतलं पाणी, ज्यात सुरुवातीला शून्य होतं: दोन! ते दोन कुठून आले? आमच्याच तीन खेपांच्या चाकांच्या सालीतून. चोर सापडला. विसातून दोन गेले अठरा. आठशे गॅलन म्हणजे तीन हजार लिटर आणि वर थोडं. गुणाकार करा: साडेचोपन्न मोल. कॅल्शियम एक हवं तर कॅल्शियम क्लोराइडही एकच, तिथे दोनाने भागायचं नाही आणि गुणायचंही नाही. दोन फक्त क्लोराइडच्या वाट्याला. (ड्वाइट तेवढ्यात भागून मोकळा झाला होता. मी त्याला पुन्हा नापास केलं.)

तेवढ्यात एमिलआजोबा आले. त्यांना पट्ट्यांपासून ब्युरेटपर्यंत सगळी बातमी लागली होती. वजन किती ते त्यांच्या जावयाने फोनमध्ये बघून काढलं: तेरा पौंड. माझं आलं साडेसतरा. आजोबांनी काठी आपटली. "बाई, साडेचार पौंडांचा फरक! चीज आहे का चेष्टा?" मी कॅल्शियम क्लोराइडचं पोतं उघडून पांढऱ्या चकत्या त्यांच्या तळव्यावर ठेवल्या. म्हटलं, आजोबा, या कोरड्या दिसतात, पण प्रत्येक दाण्याच्या पोटात पाणी बांधलेलं आहे, एकाला दोन. तुमच्या जावयाने नुसत्या कुटुंबाचं वजन केलं, मी त्यांच्या सामानासकट केलं. पोत्यातून येताना ती माणसं सामान घेऊनच येतात, मग तराजूवर सामान कसं सोडणार? आजोबांनी तळहाताकडे बघितलं. चकत्या घामाने वितळायला लागल्या होत्या. "ओली झाली की हो," म्हणाले, आणि खुर्ची मागितली.

साडेसतरा पौंड मी स्वतः तोलले. वर्नर म्हणाला, "सतरा करू?" मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. बादलीत विरघळवून (तापतं ते, हात नाही घालायचा), हळूहळू ओतून, वल्ह्याने ढवळलं. आंबटपणाही चीजइतका करून घेतला. दुपारी पुन्हा मोजलं: वीस. वन्सं, मी सिंकपाशी एकटीच होते, हातात ब्युरेट आणि तोंडून शाळेतल्यासारखं "शाब्बास!" निघालं. कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा एकदा म्हटलं.

सभेच्या दिवशी चर्चच्या तळघरात पाचही कुटुंबं. कॉफी, किसलेल्या गाजराची जेली, करकरणारं ताजं चीज, आणि मधल्या टेबलावर दोन चाकं, दोन्ही उघडी, दोन्हींवर नाव नाही. एक तळघरातलं जुनं, मामंजींच्या पाण्यातलं (मी तुकडा काढला होता ती बाजू खाली), आणि एक साडेसतरा पौंडांचं. एमिलआजोबांना पुढे बोलावलं. त्यांनी बाह्या सारल्या, डोळे मिटले आणि दोन्ही सालींवरून अंगठा फिरवला. ग्रिंडेबाईंचा चमचा कपात तसाच. वर्नर भिंतीला टेकून उभा, खिशात त्याचं टाळं लावायचं भाषण, चार घड्या घातलेलं. मला त्या घड्या कोटातून दिसत होत्या.

आजोबांनी अंगठा पुन्हा फिरवला. दाबला. नाकाशी नेला. मग नव्या चाकावर थाप मारून म्हणाले, "हे योस्टचं. डोळे फोडलेत तरी सांगेन. आणि हे दुसरं, हे तुमचं रसायन. बरं आहे. पण रसायन ते रसायन."

ड्वाइट ओरडला, "आजोबा, उलटं! उलटं!" आणि मग जो काही गोंधळ झाला! लोक उठून चाकांवर तुटून पडले. ज्याला त्याला अंगठा फिरवायचा होता. ग्रिंडेबाई मला मिठी मारून रडल्या, त्यांच्या गाई आता चाळीस मैलांवर दूध पाठवणार नव्हत्या. आजोबांनी टोपी घातली, पुन्हा काढली आणि माझ्यापुढे येऊन म्हणाले, "छत्तीस वर्षं म्हणालीस ना? मुरलीस." वर्नरने खिशातलं भाषण काढलं, त्यावर कॉफीचा कप ठेवला, आणि उभ्या उभ्या दुसरंच बोलला. काय बोलला ते खाली लिहिते. टाळ्या इतक्या पडल्या, की वरच्या मजल्यावरून पाद्री खाली बघायला आले. पाचही घरांनी पुढल्या वर्षाच्या करारावर तिथेच सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे शीळ ऐकू आली. अर्ध्यावर चुकली. मी कूस बदलून झोपले.

तर असं सगळं क्षेम आहे. हॅरॉल्डरावांना नमस्कार. गुडघ्याला ऊन द्या, तुमच्याकडे आहे तेवढं.

आपली,
लोरेटा

ताजा कलम: वर्नर सभेत काय बोलला ते राहिलं. तो म्हणाला, "मित्रहो, हे माझ्या ताईमुळे." म्हणाला, की पपा गेले तेव्हा ताईने या पाण्याची एक बाटली भरून अ‍ॅरिझोनाला नेली होती, वीस वर्षं ती पपांच्या फोटोखाली ठेवली होती, मी फोनवर रडलो तेव्हा तिने तीच बाटली कापसात गुंडाळून पोस्टाने पाठवली, आणि ज्या दिवशी लोरेटा तिची ती पूड ढवळत होती त्याच दिवशी मी गुपचूप मागून बाटली ओतली. पपांच्या पाण्याने पाणी धरलं! टाळ्या पडल्या त्या याला, वन्सं. बाटलीला. एमिलआजोबांनी रिकाम्या बाटलीचा मुका घेतला आणि "अंगठ्याला कळलं होतं!" असं तीनतीनदा सांगितलं. एक क्वार्ट पाणी, आठशे गॅलनात. बत्तीसशे भागांत एक भाग! मीही टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून बायका म्हणाल्या, "तुझीही मदत झालीच की."

आणखी एक: बाटली अगदी रिकामी नव्हती. तळाशी बोटभर पाणी वर्नरने फ्रिजमध्ये मोहरीच्या बरणीमागे जपून ठेवलंय. आणि माझ्याकडे ब्युरेट आहे. वन्सं, मामंजींचं पाणी पिवळट, आंबट, लिटरला वीस कॅल्शियमचं. मोहरीच्या बरणीमागचं पाणी काचेसारखं स्वच्छ, आंबटपणा शून्य, आणि कॅल्शियम पावणेदोन. पावणेदोन म्हणजे तुमच्या मेसा गावच्या नळाला येतं तेवढं. मी तीनदा मोजलं. मग ब्युरेट धुऊन पुन्हा फळीवर बसवलं आणि खुर्चीत बसून राहिले. कधी फुटली बाटली? घर बदलताना, का त्या पहिल्या उन्हाळ्यात? आणि मग ताज्या मिठाचं पाणी भरून तुम्ही फोटोखाली ठेवलंत, आणि इतकी वर्षं कोणाला बोलला नाहीत, आणि भाऊ फोनवर रडला तेव्हा नाही म्हणवलं नाही. मला तुमचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. मला तुमच्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. मी वर्नरला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. त्याच्या हिशोबात बाप परत आलाय, तर येऊ दे. टाकीत कॅल्शियम वीस आहे, मला तेवढं पुरे.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते: तुमच्या बंधुराजांनी सभेत सगळ्यांसमोर शब्द दिलाय, की ताईकडे अशा अजून बाटल्या असतील. एमिलआजोबांच्या जावयाला एक हवीय, वरच्या खोऱ्यातल्या दोघांना एकेक. चार पाठवा (एक फुटते). या वेळी नीट करा. क्वार्टभर नळाचं पाणी, पाऊण कप साधं मीठ. विसातून तुमच्या नळाचे पावणेदोन गेले, उरले सव्वाअठरा, म्हणून कॅल्शियमच्या चकत्या अडीच ग्रॅम, सामानासकट वजन; सोबत पुडीत पाठवतेय, एका बाटलीला एक पुडी. थोडा व्हिनेगर आंबटपणाला आणि चमचाभर ताक, म्हणजे पिवळट दिसेल. उकळून घ्या. स्वच्छ पाणी पाठवू नका, आजोबांचा अंगठा फसतो पण डोळे अजून चांगले आहेत.

शेवटचं: जूनमध्ये तुम्ही याल तेव्हा पुरुषमाणसं कारखान्यात गेली, की स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि मला एवढंच म्हणा, "लोरेटा, तूच केलंस." बाकी कुणाला कळायला नको. मी मात्र सिंकवरचा नळ सोडून ठेवणार आहे आणि म्हणणार आहे, "काय म्हणालात वन्सं? ऐकू नाही आलं."